भंडारी मिलिशिया व गावची गस्त

आमच्या ज्ञातिसंघाच्या गेल्या वार्षिक सभेत एक ठराव चर्चेस आला होता. बोईसर व तारापूर ह्या भागांत चोऱ्या व घरफोड्या वारंवार होतात, सबब ज्ञातीतील तरुणांचे एक संरक्षक पथक उभारावे, त्यास लाठीचे शिक्षण द्यावे, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी बंदुकीचे परवाने मागावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. ठराव मांडणाऱ्या तरुणाने आपल्या भाषणात मुंबईच्या भंडारी मिलिशियाचा मोठ्या अभिमानाने उल्लेख केला व भरपूर टाळ्या मिळविल्या. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब राहिला. आणि स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ह्या मिलिशियाची साग्र हकीकत लिहून द्यावी अशी आज्ञा आम्हांस केली.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, इतिहाससंशोधक नव्हे. तीस-बत्तीस वर्षे शाळेत मुलांना लढाया व तह शिकविले, एवढाच आमचा अधिकार. इंग्रजी ग्रंथांतील मजकूर एका भाच्याकडून वाचवून घेतला व समजावून घेतला. जे हाती लागले ते सर्वच ठराव मांडणाऱ्यांस रुचेल असे नाही. परंतु स्मरणिकेत फक्त गोड तेवढेच छापावयाचे असेल तर सत्यनारायणाच्या प्रसादाची कृती छापलेली बरी.

प्रथम आमच्या किनाऱ्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वसईपासून डहाणूपर्यंतचा प्रवास ज्याने पायी अथवा सायकलवरून केला असेल, त्यास थोड्याथोड्या अंतरावर एखादा पडका कोट किंवा बुरूज आढळल्यावाचून राहिला नसेल. एडवण, मथाणे, दांडा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ही माळच आहे. सहलीस नेलेली मुले आम्हांस हमखास विचारीत, “गुरुजी, एवढे किल्ले कशाला?” त्याचे उत्तर असे की, १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रांत पोर्तुगीजांस दिला, आणि पुढे दोनशे वर्षे हा मुलूख फिरंग्यांच्या हाती राहिला. समुद्रावरून मलबारी चाचे येत, डोंगराकडूनही हल्ले होत. फिरंग्यांनी गावेच्या गावे अल्प साऱ्यावर आपल्या लोकांस तोडून दिली आणि त्या बदल्यात घोडा व हत्यारबंद माणसे बाळगण्याची अट घातली. हत्यार होते ते जमिनीच्या मालकाच्या माणसाजवळ. ताडावर चढणारा, भात लावणारा, जाळे टाकणारा जो आमचा पूर्वज, त्याच्याजवळ काठी, नाहीतर कमरेची कोयती. १७३९ साली मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. परंतु ती लढाई होय. आमचा विषय चोर, दरोडेखोर व रात्रीची राखण हा आहे. तेव्हा तिकडे वळणे योग्य.

येथे तरुण वाचकांनी एक घोटाळा टाळावा. माहीम दोन आहेत. एक आपले केळवे-माहीम, पालघरपासून जवळचे. दुसरे मुंबई बेटावरचे. नामसादृश्यामुळे भल्याभल्या लेखकांचा गोंधळ उडालेला आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ ज्यांनी चाळली असेल त्यांना हे ठाऊक आहे. ह्यापुढे ज्या माहीमचा उल्लेख येईल ते मुंबईचे समजावे. किनारा एकच, माडाताडांची वाडी एकच आणि धंदाही एकच. म्हणून मुंबईच्या भंडाऱ्यांची कथा ती आमचीच कथा, असे मानण्यास हरकत नाही.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे गेले व १६६८ साली कंपनी सरकारकडे आले. १६६९ ते १६७७ ह्या काळात जेराल्ड आँजियर हा तेथे गव्हर्नर होता. त्याच्यापाशी गोरे सैन्य थोडे, आणि ते तापाने व दारूने आणखी थोडे होत असे. म्हणून बेटावरील रहिवाशांचीच एक सेना त्याने उभी केली. जमीनदारांनी आपापल्या जमिनीच्या मानाने माणसे द्यावीत असा नियम केला. माहीम, शिवडी, शीव इत्यादी ठिकाणी सुभेदार नेमले. त्या सेनेत भरणा मुख्यतः भंडाऱ्यांचा होता. १६७३ साली मुंबईस आलेल्या डॉक्टर फ्रायर ह्या प्रवाशाने बेटावरील फौजेची मोजदाद दिली आहे. तीत काठ्या-सोटे बाळगणारे तीनशे भंडारी असून त्यांचे काम माडांच्या राया सांभाळण्याचे, असे तो म्हणतो. हे वाचून आमच्या भाच्याचा थोडा हिरमोड झाला. त्याच्या मनात तलवारी व घोडे होते. आम्हांस मात्र आनंद झाला. वाडीतील नारळ व ताडीची मडकी रात्री कोण उतरवून नेतो ह्याची चिंता करणारे ते तीनशे लोक आम्हांस आपल्या घरचे वाटले.

मुंबई पोलिसांचा इतिहास एस. एम. एडवर्ड्स यांनी लिहिला असून तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ स्वतः मुंबईचे पोलीस कमिशनर होते. मुंबईच्या पोलीस दलाचे मूळ ते ह्या भंडारी मिलिशियात शोधतात. आमच्या ज्ञातीतील फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. त्यात १६९४ सालचा एक हुकूम दिला आहे. गव्हर्नर सर जॉन गेयर याने तो भंडाऱ्यांच्या निरनिराळ्या सुभेदारांस पाठविला होता. दहा-दहा, बारा-बारा दुष्ट लोकांच्या टोळ्या रात्री बेटावर फिरतात व रहिवाशांस उपद्रव देण्याचा त्यांचा बेत आहे, असे कळल्यावरून प्रत्येक सुभेदाराने वीस माणसे बरोबर घेऊन दररोज रात्री योग्य वाटेल तेथे गस्त घालावी व अशा लोकांस अडवावे, असा त्याचा भावार्थ. हुकुमात सुभेदारांची नावे आहेत. परंतु इंग्रज लेखनिकाने ती आपल्या कानास ऐकू आली तशी लिहिली असल्यामुळे त्यांतील एक-दोन नावे कोणत्या घराण्याची असावीत ह्याचा आम्हांस अद्याप उलगडा झालेला नाही. नावे मात्र आहेत. रात्री काठी घेऊन हिंडणाऱ्या वीस माणसांमागे एक माणूस असा होता की, सकाळी गव्हर्नराने बोलावले तर त्यास जाऊन उभे राहावे लागे. कोणास अडविले, का अडविले, कोठे नेले, हे त्याने सांगावयाचे. आमच्या मते ह्या हुकुमातील वीस ह्या आकड्यापेक्षा त्या नावांचे महत्त्व अधिक आहे.

रयतेने हत्यार बाळगून आपला गाव राखावा ही कल्पना इंग्रजांनी स्वदेशातून आणली होती. इंग्लंडात १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने पंधरा ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने आपल्या ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगावे, रात्री गावाच्या वेशीवर पहारा असावा आणि चोर दिसल्यास सर्वांनी ओरड करीत पाठलाग करावा असे ठरविले होते. त्याच कायद्यात दुसरी एक अट होती. दरोडा पडून चोर सापडला नाही तर त्या टापूतील लोकांनी नुकसान भरून द्यावयाचे. म्हणजे सरकारने शस्त्र दिले आणि त्याच हाताने जबाबदारीही दिली.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नव्हती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टन साहेबाने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याची कर्तव्ये वर्णिली आहेत. त्याने रात्रभर फिरावे, गावात कोण आला व कोण गेला ते पाहावे, परक्या माणसावर नजर ठेवावी, आणि गावातील प्रत्येकाचा स्वभाव ओळखून असावे. चोरी झाली म्हणजे चोराचा माग काढीत शिवेपर्यंत जावे. माग पुढच्या गावात शिरला तर तेथील जागल्याच्या हवाली करावा, की तो मग पुढच्या शिवेपर्यंत नेई. ज्या गावात माग बुडाला त्या गावावर दोष. जागल्याने ऐपतीप्रमाणे भरपाई द्यावी व उरलेली गावाने. हे वर्णन मुख्यतः घाटावरच्या मुलखाचे आहे, तरी वेसकराची काठी कोकणातही सर्वांच्या परिचयाची होती. ज्या महार वेसकराला आम्ही गावाबाहेर ठेवले, त्याच्याच भरवशावर आम्ही गावात निर्धास्त झोपत होतो. ह्या व्यवहारातील अन्याय आमच्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आला नाही, किंवा आला असूनही त्यांनी तो बोलून दाखविला नाही. ती कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने पुढील वर्षी संपली.

पुन्हा मुंबईकडे वळू. १७७१ साली ब्रिगेडियर जनरल वेडरबर्न याने बेटाच्या बंदोबस्ताची नवी योजना मांडली. त्यावेळी भंडारी मिलिशियात ४८ अधिकारी व ४०० शिपाई होते आणि त्यांतून रोज रात्री १२ अधिकारी व १०० शिपाई गस्तीस निघत, असे एडवर्ड्स लिहितात. धोबीतलाव, गिरगाव, डोंगरी ह्या बाजूंना त्या काळी माडांचे दाट राईबन होते व चोरांना लपण्यास त्याहून सोयीची जागा नव्हती. आज त्या ठिकाणी लपावयास तर सोडाच, उभे राहावयासही जागा मिळत नाही. न्यायसत्राच्या आरंभी शेरिफच्या स्वारीपुढे भोंगळी नावाचे लांब वाद्य वाजवीत चालण्याचा मान भंडाऱ्यांस होता, हेही ह्याच काळाच्या आठवणीपैकी होय. आमच्या लहानपणी वृद्ध मंडळी त्याचा उल्लेख अशा थाटाने करीत की, जणू स्वतः त्यांनीच ती फुंकली होती.

येथपर्यंतचा मजकूर ठराव मांडणाऱ्यांस आवडेल. आता पुढचा.

एवढी गस्त असताही मुंबईतील चोऱ्या थांबल्या नव्हत्या. १७७८ साली तेथील ग्रँड ज्युरीने तक्रार केली की, दरोडे वारंवार पडतात, अपराधी सापडणे कठीण झाले आहे, तरी निरपराध्यांचे रक्षण करील व गुन्हेगारास न्यायासमोर उभे करील असा अधिकार असलेली पोलीस व्यवस्था तातडीने स्थापावी. म्हणजे शंभर शिपाई रात्रभर फिरत, पण पकडलेला मनुष्य खरोखर चोर की वाट चुकलेला पांथस्थ हे ठरविण्याचे व पुरावा जमविण्याचे काम त्यांचे नव्हते, आणि ते त्यांच्याने होणारेही नव्हते. पुढल्या वर्षी, १७७९ मध्ये, जेम्स टॉड नावाच्या गृहस्थास पोलिसांचा लेफ्टनंट नेमण्यात आले. हा टॉड पुढे लाचलुचपतीच्या आरोपात सापडला व १७९० साली बडतर्फ झाला. १७९३ पासून सुपरिंटेंडेंटची नेमणूक झाली. मुंबईचा पहिला पोलीस अधिकारी लाचेपायी गेला हे वाचून आमचा भाचा पोट धरून हसला. हसण्यासारखे आहे खरे. परंतु टॉडवर आरोप ठेवता आला, चौकशी झाली व तो घरी गेला, हेही विसरता येत नाही. जमावाला बडतर्फ कोण करणार?

१८७८ हे वर्ष आमच्या ज्ञातीने विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. त्याच वर्षी मुंबई सरकारने अबकारीचा कायदा केला व ताडी-माडीच्या धंद्यावर कराचे व परवान्याचे ओझे लादले. एका कायद्याने रयतेचे शस्त्र गेले, दुसऱ्याने ठाणे जिल्ह्यातील भंडाऱ्याच्या झाडावर सरकारी खुणा पडल्या. शस्त्रांच्या कायद्यामुळे राष्ट्र निःशस्त्र झाले म्हणून त्यावेळच्या पुढाऱ्यांनी टीका केली ती यथार्थच होती. गोऱ्यास जे शस्त्र सहज मिळे ते एतद्देशीयास मिळत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा शस्त्र अधिनियम आला व तो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला; परवान्याची अट मात्र राहिली. आमच्या भागात पूर्वी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कोणाकोणाकडे परवान्याची ठासणीची बंदूक असे. निवडणूक आली म्हणजे ती पोलीस ठाण्यात जमा करावयाची आणि निवडणूक उरकली म्हणजे परत आणावयाची. अशा एका बंदुकीने आमच्या माहितीत कधी चोर पडला नाही. डुक्करही क्वचितच पडले.

नागरिकांच्या सहभागाची वाट मात्र सरकारने बंद केली नाही. १९४६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्यात मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने होमगार्ड संघटना उभी राहिली. दंगलीच्या काळात पोलिसांस साहाय्य करणारे स्वयंसेवक हवे होते, आणि ते गणवेशात, शिस्तीत व हजेरीपटावर हवे होते. पुढे मुंबई पोलीस अधिनियमात ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने वंशपरंपरेच्या पाटलाऐवजी नेमणुकीचा पोलीस पाटील आला. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्यानंतर आमच्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांच्या सागर रक्षक दलांकडे नव्याने लक्ष गेले. अनोळखी बोट दिसली तर कळवावे, हे त्यांचे मुख्य काम. त्यांच्या हाती बंदूक नाही. परंतु आपल्या खाडीत कोणाची बोट कोणत्या रंगाची हे त्यांस जितके ठाऊक, तितके कोणत्याही अधिकाऱ्यास ठाऊक असणे शक्य नाही. एल्फिन्स्टनने वर्णिलेला जागल्या आज कोठे उरला असेल तर तो ह्यांच्यात.

खेड्यात हे शक्य आहे. बोईसरला ते अवघड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आमच्या लहानपणी बोईसर म्हणजे एक रेल्वे स्टेशन, आणि तेथून तारापूर-चिंचणीकडे जाणारा रस्ता. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे पोटासाठी येथे आली. एका चाळीत दहा भाषा. शेजारी महिन्याला बदलणारा. जो कालच आला त्याचा स्वभाव जागल्याने ओळखावा कसा? त्यामुळे सोसायटीच्या फाटकावर शिटी व दंडुका घेतलेला पहारेकरी बसविण्यात आला, तोही बहुधा दुसऱ्या प्रांतातला. अशा ठिकाणी चोरी झाली की मनुष्य घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसास परका दिसला की चोर दिसतो. आमच्या ठराववाल्या तरुणांच्या मनातील भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही.

आता २०२० सालच्या एप्रिल महिन्याविषयी लिहिणे प्राप्त आहे. ते टाळून मिलिशियाची कथा पुरी केली असती तर संपादक मंडळ अधिक संतुष्ट झाले असते.

करोनाच्या टाळेबंदीने मार्चच्या अखेरीस सर्व व्यवहार थांबले. आमच्या जिल्ह्यात गावोगाव अफवा उठल्या की, रात्री चोर येतात, मुले पळविणारे येतात, माणसांचे मूत्रपिंड काढून नेणारे येतात. फोनवर कोणाचे कोण, कोठले कोण, अशी चित्रे फिरू लागली. गावांनी आपापल्या वेशी बांबू, दगड व झाडांचे ओंडके टाकून अडविल्या आणि लोक काठ्या, कोयते, कुऱ्हाडी घेऊन रात्री जागू लागले. डहाणू तालुक्यातील सारणी येथे आदिवासींस मदत करून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवर व पोलिसांवरही जमाव चालून गेला. आणि १६ एप्रिलच्या रात्री त्याच तालुक्यात, दादरा-नगरहवेलीच्या हद्दीजवळील गडचिंचले ह्या गावी, गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा गाडीवान अशा तिघांस जमावाने चोर समजून ठार मारले. त्यांतील एक साधू सत्तरीचे होते. पोलीस तेथे पोहोचले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले. शंभराहून अधिक लोकांस अटक झाली, तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, आणि खटल्याच्या निमित्ताने पुष्कळ राजकारण झाले. त्यात आम्ही पडत नाही. आम्हांस एवढेच दिसते की, त्या रात्री शेकडो माणसे गाव राखण्यासाठीच घराबाहेर पडली होती. त्यांना कोणी सुभेदार नव्हता. कोण कोठे उभा राहील, परका आला तर त्यास कोणाकडे न्यावयाचे, हे ठरलेले नव्हते. ज्याच्या नावाने सकाळी जाब विचारता येईल असा एकही मनुष्य त्या काळोखात नव्हता.

हे आम्ही डोंगरपट्ट्यातील आदिवासींस दोष देण्यासाठी लिहीत नाही. किनाऱ्यावरची शिकलीसवरलेली मंडळी त्या घटनेनंतर ‘ते लोक तसलेच’ असे म्हणू लागली, तेव्हा आम्हांस लाज वाटली. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

गडचिंचलेच्या पाच-सहा दिवस आधीची गोष्ट. आमच्या गावच्या वेशीवरही बांबू आडवा घातला होता. रात्री तीस-चाळीस माणसे तेथे जमत. आम्ही निवृत्त शिक्षक, गावात थोडाफार मान, म्हणून आम्हांसही बोलावणे आले, आणि वडिलांची काठी घेऊन आम्ही गेलो. तरुणांतील एकाच्या हाती आजोबांची ताडीची कोयती होती; तिला त्याने त्या दिवशी धार लावून आणली होती. एकच्या सुमारास रस्त्याने एक मनुष्य चालत आला. वर्ण काळा, अंगात मळका सदरा, खांद्यावर पिशवी. हटकल्यावर तो पळाला नाही, जागीच थांबला. मराठी त्यास येत नव्हते. हिंदीत बोलू लागला, परंतु भीतीने त्याचे शब्द एकात एक अडकत होते. ‘चोर’ हा शब्द प्रथम कोणी उच्चारला ते आम्हांस सांगता येत नाही. एकाने त्याची पिशवी ओढून रस्त्यावर उपडी केली. कोणीतरी मागून त्यास ढकलले व तो गुडघ्यांवर पडला. कोयती वर गेलेली आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली.

आम्ही बोललो नाही. किती वेळ बोललो नाही हे आज मोजता येणार नाही. कदाचित पाच-दहा क्षण असतील. जन्मभर वर्गात ‘एकाने मारले म्हणून दुसऱ्याने मारू नये’ असे सांगणारे आम्ही त्या क्षणी काठी घट्ट धरून गर्दीत उभे होतो, आणि मनात एवढेच आले की आपण मध्ये पडलो तर आपल्यावर येईल. बोलली ती वेशीजवळच्या घरातील एक म्हातारी. ती आवाजाने जागी होऊन ओट्यावर आली होती. तिने कोयतीवाल्यास त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारली व विचारले, “अमक्याचा नातू ना रे तू? काय करतोस?” बस, एवढेच. त्या हाकेने हात खाली आला. मग आम्हांस कंठ फुटला, आणि आम्ही पुढे होऊन त्या मनुष्यास उठविले. पिशवीतून पडले होते ते दोन कपडे, एक लोटा, थोडे चुरमुरे आणि बोईसरच्या एका कारखान्याचे ओळखपत्र. कारखाना बंद, मालकाने हात वर केलेले, खोलीचे भाडे थकलेले. हमरस्त्यावर पोलीस अडवितात म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने तो गुजरातच्या दिशेने पायी निघाला होता. म्हातारीने त्यास पाणी दिले, भाकरी दिली. पहाटे तो गेला. त्याचे नाव आम्ही ओळखपत्रावर वाचले होते, परंतु आज ते आठवत नाही, ह्याची खंत आहे.

१७ तारखेस गडचिंचलेची बातमी गावात आली, तेव्हा कोयतीवाला तरुण आमच्या घरी येऊन बराच वेळ नुसता बसून राहिला.

त्याच सायंकाळी आम्ही शाळेच्या कोऱ्या हजेरीपटांपैकी एक घरातून काढला. दर रात्री सहाच जण वेशीवर राहतील, त्यांची नावे आदल्या दिवशी लिहून खाली त्यांच्या सह्या होतील, त्यांतील एक म्होरक्या असेल, कोयती-कुऱ्हाड कोणी आणणार नाही, आणि कोणी अनोळखी आल्यास त्यास ओट्यावर बसवून पोलीस पाटलास उठवावे, असे ठरविले व पटाची एक प्रत पोलीस पाटलाकडे दिली. ह्यात आमची अक्कल काहीच नाही. शाळेची हजेरी घेण्याचीच ती रीत. पहिल्या दिवशी तीस-चाळीस जणांपैकी सही करावयास अकराच जण पुढे आले. बाकीच्यांस गस्त हवी होती, सही नको होती.

कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण सभेत त्याबद्दल पुष्कळ गैरसमज दिसला. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अमलात आले आहेत. आपल्या जिवाचे व मालाचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वीच्या दंडसंहितेत होता तसाच भारतीय न्याय संहितेतही आहे. पण तो आवश्यक तेवढ्याच बळापुरता, आणि पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवधी असेल तेथे तो उरत नाही. डोळ्यांदेखत गंभीर स्वरूपाचा दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही धरू शकतो. परंतु नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा इत्यादी कारणांवरून एखाद्याची हत्या केली तर त्या जमावातील प्रत्येकास देहान्त अथवा जन्मठेपेची शिक्षा सांगितली आहे. ज्ञातीच्या नावाने पथक काढणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचून पाहावे. मुंबईच्या मिलिशियात भंडारी बहुसंख्य होते खरे, पण ते साऱ्या बेटाच्या रहिवाशांसाठी फिरत होते. एका ज्ञातीचे पथक दुसऱ्या ज्ञातीच्या वस्तीतून रात्री काठ्या घेऊन निघाले तर त्या वस्तीस ते रक्षक वाटेल काय, हा प्रश्न आम्ही सभेत विचारणार आहोत.

ठरावास आमची दुरुस्ती अशी : पथक असावे, पण ते गावाचे असावे, ज्ञातीचे नसावे, त्यात येणाऱ्या प्रत्येकाचे नाव पोलीस ठाण्यात नोंदलेले असावे, आणि बंदुकीच्या परवान्यांचा भाग गाळावा. दुरुस्तीस अनुमोदन देण्याचे तूर्त एकाच सभासदाने कबूल केले आहे. तो म्हणजे तो कोयतीवाला तरुण. आता तो बोईसरला एका कारखान्यात नोकरीस असून दोन मुलांचा बाप झाला आहे.

तो हजेरीपट आमच्या कपाटात अजून आहे. शेवटची सही जून २०२० मधील आहे. त्यानंतर पाऊस लागला, आणि वेशीवरचा बांबू कोणीतरी मांडवासाठी काढून नेला.